प्रभूच्या मेजेवरची साखर

दीनाबाई मेजेसमोर फरशीवर आडव्या पडल्या होत्या. अंग घामाने निथळत होतं, दातखीळ बसली होती, डोळे अर्धे उघडे पण त्यांत ओळख नाही. आणि त्यांचे सख्खे मोठे भाऊ, आमच्या मंडळीचे पंच नाझरसाहेब, मेजेवरच्या पांढऱ्या कापडावर दोन्ही पंजे ठेवून उभे होते आणि म्हणत होते, "पाळकसाहेब आल्याशिवाय याला कोणीही हात लावायचा नाही."

पाळकसाहेब तेव्हा आंबा घाटात दरडीच्या पलीकडे अडकले होते, पण ते आम्हाला नंतर कळलं. रिक्षा मिळेना, कारण त्या दिवसांत रविवारी सकाळी टीव्हीवर ती देवादिकांची मालिका लागायची आणि ती संपेपर्यंत रत्नागिरीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. बाईच्या अंगातली साखर उतरलेली. आणि सगळ्या देवळात गोड असं एकच होतं, त्या कापडाखालच्या पेल्यातला द्राक्षरस.

तो रस मी केलेला. म्हणून ही गोष्ट मी सांगते.

मी मरिया. शिक्षण मराठी चौथी. बापाने नाव मरियेचं ठेवलं आणि काम मार्थेचं लागलं. पवित्र शास्त्रातली मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते आणि मार्था स्वयंपाकघरात भांडी आपटते, त्यातली मी दुसरी. आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, बाजूला माझी एक खोली, आणि खालच्या वस्तीत उतरायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. मंडळीची घरं विसाच्या आसपास. तिथे मी नवरा वारल्यावर कामाला लागले आणि गुडघे बोलायला लागेपर्यंत राहिले.

काम काय असतं ते लोकांना वाटतं तेवढं पवित्र नाही. वटवाघळांची घाण काढायची. बाकं पुसायची. पावसात कौलं गळतात तिथे घमेलं ठेवायचं, आणि ते प्रवचनाच्या वेळी टपटप वाजू नये म्हणून त्यात फडकं टाकायचं. घंटा वाजवायची. लग्नाला चटया टाकायच्या, मयताला बाकं सरकवायची. पोरांनी बाकाखाली चिकटवलेलं खरवडायचं. काय चिकटवलंय ते विचारायचं नाही.

बाहेरचे लोक यायचे ते आधी आत डोकावून बघायचे, मग मला विचारायचे, "बाई, खंडोबा... म्हणजे, तुमचा देव कुठे बसवलाय?" मी सांगायचे, बसवलेला नाही. एकदा लांज्याकडचा एक शेतकरी आला. त्याची म्हैस हरवली होती. चार देवांना गाऱ्हाणं घालून झालं होतं, पाचवा म्हणून आमच्याकडे. हातात नारळ.

"फोडू कुठे?" म्हणाला.

"आमच्यात फोडत नाहीत."

"मग देवाला कळतं कसं, कोण आलंय ते?"

"बायका मोठ्याने गातात," मी म्हटलं.

तो विचारात पडला. "बायको आणलेली नाही," म्हणाला, आणि नारळ माझ्या हातात देऊन गेला. म्हैस सापडली की नाही कोणास ठाऊक. नारळ चांगला निघाला.

उपासना म्हणजे काय, हे पाळक लोक तासभर सांगतात. मी जे बघितलं ते असं: दर रविवारी तीच माणसं त्याच बाकांवर बसतात, गीत गातात, प्रार्थना करतात, प्रवचनात दोघे पेंगतात. आणि सहभागिता नावाचा एक शब्द आमच्यात फार चालतो. त्याचा अर्थ मला भांडी घासताना कळला. ज्या माणसाचं तोंड बघू नये असं वाटतं, त्याच्या शेजारी बसून एका तबकातलं खायचं. आवडत्या माणसाबरोबर जेवायला देऊळ कशाला हवं? ते घरी होतं.

आमचे पाळकसाहेब कोल्हापूरहून यायचे, महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. बाकीचे रविवार नाझरसाहेब चालवायचे. पण प्रभुभोजन फक्त पाळकाच्या हातून. त्यासाठी एक मेज असते. तिच्यावर भाकर आणि द्राक्षरस ठेवतात, वर पांढरं कापड. पाळक प्रार्थना करतो, भाकर मोडतो, पेला देतो, मंडळी पुढे येऊन घेते. प्रभूने मरणाच्या आदल्या दिवशी शिष्यांबरोबर जेवण केलं, त्याची ती आठवण.

त्या आठवणीचा बाजार मी करायचे. बेकरीतून ब्रेड आणायचा, कडा काढायच्या, एक तुकडा पाळकाला मोडायला अख्खा ठेवायचा, बाकीच्याचे बारीक चौकोन करायचे. कडा माझ्या. काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, शिजवायच्या, पंच्याने गाळायच्या, तो द्राक्षरस. पेला पितळेचा. तो चिंचेने घासून आरशासारखा करायचे. शनिवारपर्यंत तो पेला माझा. कापड घातलं की मी त्याला शिवायचं नाही. नियम नाझरसाहेबांचा.

नाझरसाहेब कोर्टात नाझर होते, तिजोरी सांभाळायचे, आणि निवृत्त होऊनही नाझरच राहिले. उंच, कडक, सदऱ्याचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. माणूस वाईट नव्हता. देवळाच्या विहिरीत मांजर पडलं तेव्हा स्वतः दोर धरून उतरले होते. पण नियम म्हटला की विषय संपला. त्यांचा आणखी एक नियम, द्राक्षरसात साखर घालायची नाही. "प्रभूच्या पेल्यात भेसळ नको, मरियाबाई." मी हो म्हणायचे. मनुका बऱ्या असल्या की घालतही नव्हते.

दीनाबाई त्यांची धाकटी बहीण. विधवा, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त, आणि आवाज असा की खालच्या वस्तीतल्या बागवाल्या काकू म्हणायच्या, "तुमची उपासना आम्हाला घरबसल्या मिळते हो." दीनाबाई ढोलकीवर भजनं म्हणायच्या. नाझरसाहेबांना पेटीवरची जुनी, संथ गीतं हवी असायची, इंग्रजी साहेबांनी शिकवलेली. यावरून दोघांची कुरबुर लहानपणापासूनची. ती चालली असती. पण त्यांची आई वारली.

म्हातारीने मरताना सांगून ठेवलं होतं, "माझ्या मागे रडगाणं नको, भजन म्हणा." हे तिने सांगितलं मुलीला. मुलाला सांगितलं, "सगळं रीतीने कर." मग व्हायचं तेच झालं. कबरस्तानात माती देताना नाझरसाहेबांनी संथ गीत सुरू केलं आणि त्याच क्षणी दीनाबाईंनी ढोलकीवर थाप मारली. कोणी थांबेना. एका खड्ड्यावर दोन गाणी. अर्धी मंडळी इकडे, अर्धी तिकडे, आणि खड्डा खणणारे दोघे फावड्यावर हनुवटी टेकून कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघतायत. शेवटी भजन जिंकलं, कारण ढोलकीला दम लागत नाही.

त्या दिवसापासून भाऊबहीण बोलत नव्हते. वर्षं गेली. दोघं दर रविवारी देवळात, ते पुढच्या बाकावर, त्या बायकांच्या बाजूला मागे. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मेजेचं कापड निघालं की दीनाबाई उठून घरी जायच्या.

मी एकदा विचारलं, "दर वेळी उठून का जाता?"

"दादाशी मी बोलत नाही, आणि त्याच्याबरोबर एका भाकरीतलं खाऊ? देव काय आंधळा आहे?"

"मग बोला."

"त्याने बोलावं. मोठा आहे तो."

नाझरसाहेब मात्र दर महिन्याला ताठ मानेने भाकर घ्यायचे. त्यांनाही मी विचारलं. मला कोणाची भीती वाटत नाही. झाडूवाल्या बाईला आणखी खाली कुठे टाकणार?

"मी तिला क्षमा केलेली आहे," ते म्हणाले.

"तिला सांगितलंत?"

"देवाला सांगितलंय."

"मग देवाने तिला कळवलेलं दिसत नाही," मी म्हटलं. त्यावर त्यांनी मला बाकाखालची धूळ दाखवली.

अशी गत. आणि मग त्या पावसाळ्यातला तो शनिवार आला. मी खोलीत मनुका शिजवत होते. वाण्याने जुन्या दिल्या होत्या, रस आंबट ढाण झाला. गेल्या महिन्यातही तसाच झाला होता आणि पोराटोरांनीच काय, पोस्टमन दाविदनेसुद्धा प्रभूच्या पेल्याला तोंड वाकडं केलं होतं. मला ते बरं वाटलं नव्हतं. माझ्या डब्यात रेशनची साखर होती. आधी दोन चमचे घातले. चव घेतली. आणखी दोन. मग म्हटलं, जाऊ दे, आणि डबा उपडा केला. सोमवारी रेशन येणारच होतं.

तेवढ्यात दारात दीनाबाई. मी डबा मागे लपवला, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

"मरिये, उद्या मी मेजेला बसणार."

माझ्या हातातला झारा थांबला. "नाझरसाहेबांशी बोललात?"

"उद्या बोलीन. सलामाच्या वेळी."

आमच्यात भोजनाच्या आधी पाळक सांगतो, ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्याने ते आताच सरळ करावं. मग लोक एकमेकांना सलाम करतात. बहुतेक जण ज्याच्याशी वाकडं नाही त्यालाच करतात.

"आज जाऊन बोला की घरी," मी म्हटलं.

"त्याला आधी कळलं तर तो भाषण लिहून आणील. तू त्याला सांगू नको. मला साठी आली गो मरिये. आईला जाऊन भेटायचं तर ती पहिलं हेच विचारणार. एवढं मला उद्या करायचंय."

"तुम्ही गेलात आणि त्यांनी सलाम घेतला नाही तर?"

"मग ढोलकी आहेच," म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

आता एक रीत सांगते. आमच्यातल्या जुन्या बायका मेजेला बसायचं त्या दिवशी उपाशी येतात. तोंडात पहिला घास प्रभूच्या भाकरीचा, त्याआधी चहाचा घोटसुद्धा नाही. शास्त्रात असं काही लिहिलेलं नाही, पाळकसाहेब दर वर्षी सांगतात, बायका दर वर्षी मान डोलावतात आणि उपाशी येतात. दीनाबाईंना मधुमेह होता, रोज सकाळी इंजेक्शन. त्या रविवारी त्यांनी इंजेक्शन घेतलं, कारण शिस्त. आणि काही खाल्लं नाही, कारण रीत. उपासना वेळेवर झाली असती तर निभावलं असतं. पण कोल्हापूरची एस. टी. येईना.

नाझरसाहेबांनी गीत सांगितलं. संपलं. दुसरं सांगितलं. कौलांवर पाऊस, मंडळी जांभया देतेय, पाळकाचा पत्ता नाही. तिसऱ्या गीताला दीनाबाईंचा आवाज खाली घसरायला लागला. बाकीचे एका ओळीवर, त्या मागच्या. नाझरसाहेबांनी पेटीवरून मान वळवून डोळे वटारले. त्यांना वाटलं, मुद्दाम चाललंय. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मी जाऊन हळूच म्हटलं, "बाई, बरं नाही का?" तर माझ्यावर खेकसल्या, "तुझं काम बघ!" असं त्या मला कधी बोलल्या नव्हत्या.

मग त्या उठल्या. मला वाटलं, चालल्या घरी. पण त्या दाराकडे न जाता पुढे निघाल्या, बाकांना धरत धरत. मेजेपाशी पोचल्या आणि नाझरसाहेबांकडे बघून त्यांनी उजवा हात वर केला. सलाम करायला. ते मला माहीत. त्यांना कसं माहीत असणार? त्यांना वाटलं, आता ही भर मंडळीत चालीवरून भांडणार. त्यांनी तोंड फिरवलं.

आणि दीनाबाई कोसळल्या.

लीलासिस्टर, आमच्यातली नर्स, धावत गेली. नाडी बघितली, पापणी वर करून बघितली. "या इंजेक्शन घेतात ना? सकाळी काही खाल्लंय का यांनी?"

कोणाला माहीत नाही. दाविदने खिशातून पेपरमिंटची गोळी काढली.

"गोळी नको, घशात अडकेल. पातळ काहीतरी गोड हवं, गालात चोळायला. मरियाबाई, साखर!"

"साखर नाही," मी म्हटलं.

"घरात साखर नाही?"

"होती काल."

दाविद पाखाडीवरून बागवाल्या काकूंकडे पळाला. पण पावसात ती पाखाडी म्हणजे शेवाळाची घसरगुंडी, आणि खाली टीव्हीसमोर बसलेल्या माणसांना हाक ऐकू जाणार कधी? इकडे दीनाबाईंच्या हातापायांना झटके यायला लागले. लीलासिस्टरने वर बघितलं, मेजेकडे. तिच्याबरोबर सगळ्यांनीच बघितलं.

तेव्हा नाझरसाहेबांनी कापडावर हात ठेवले आणि ते वाक्य बोलले.

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. निर्दयपणाने बोलत नव्हते ते. आग लागली तरी कोर्टाच्या तिजोरीपाशी उभा राहील असा तो माणूस. काय करायचं ते सुचेना, तेव्हा जे येत होतं ते केलं, पहारा दिला.

"नाझरसाहेब, वेळ नाही," लीलासिस्टर म्हणाली.

"हे प्रभूचं आहे. औषध नाही हे."

मी पुढे झाले. "सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नाही. मेजेला बसायचं होतं त्यांना."

"कोणाला?"

"तुमच्या बहिणीला. काल मला सांगून गेल्या. आता तुमच्याकडे आल्या त्या चालीवरून भांडायला नाही, सलाम करायला. तुम्ही तोंड फिरवलंत."

नाझरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बहिणीकडे. मग त्यांनी कापड उचललं. सवयीने एक घडी घातली, दुसरी घालायला गेले आणि मध्येच कापड फरशीवर टाकून दिलं. इतक्या वर्षांत ते कापड जमिनीला लागलेलं मी पहिल्यांदा बघितलं. पेला घेऊन ते गुडघ्यांवर बसले. घाईत थोडा रस सदऱ्यावर सांडला.

"बोट बुडवा आणि गालाच्या आतून चोळा," लीलासिस्टरने दीनाबाईंचं डोकं एका बाजूला वळवून धरलं. "ओतू नका."

त्यांनी बोट बुडवलं, चोळलं. पुन्हा बुडवलं. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. पेला हातात आला की पाळक जे बोलतो तेच, अर्धमुर्धं. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. मध्येच बोटावरचा थेंब ओठाला लागला. ते थांबले.

"मरियाबाई, यात साखर आहे."

"आहे."

"किती?"

"डबाभर."

"देवाचे आभार माना आणि चोळा," मी म्हटलं.

ते चोळत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मला तर वाटलं, आता कसली साखर, आता मयताची घंटाच वाजवायची. मग दीनाबाईंचा जबडा सैल पडला. त्यांनी ओठ चाटले. लीलासिस्टर म्हणाली, "आता गिळतायत, थोडं थोडं द्या." दीनाबाईंनी पेल्याला तोंड लावून घोट घेतला, मग दुसरा. डोळे फिरले, इकडेतिकडे शोधत आले आणि भावाच्या तोंडावर थांबले.

चार-पाच वर्षांनी त्या त्याच्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "दादा, मघाशी गीत खाली कोणी ओढलं?"

"तू," नाझरसाहेब म्हणाले.

"मी नाही. पेटी."

"बरं. पेटी," म्हणाले, आणि त्या कडक माणसाने वरचं बटण सोडलं आणि ते बाकाच्या पायाला टेकून लहान मुलासारखे रडायला लागले.

इतक्यात दारात दाविद, गुडघे फुटलेले, आणि त्याच्या मागे छत्री मिटत बागवाल्या काकू, हातात साखरेची वाटी. "मालिकेतल्या अगदी ऐन प्रसंगी उठून आले हो," म्हणाल्या. मग फरशीवरचं कापड, रडणारे नाझरसाहेब बघून म्हणाल्या, "पण इथलाही काही वाईट नाही."

त्याच काकूंनी घरून पेज पाठवली, मोठं पातेलंभर. लीलासिस्टरने दीनाबाईंना आधी जेवायला लावलं. उपाशी बायका काय फक्त त्या एकट्या नव्हत्या. सगळे फरशीवरच बसले. दीनाबाई भिंतीला टेकून हाताने ढोलकीचा ठेका धरत होत्या, तेव्हा दारात पाळकसाहेब उभे राहिले. घाटात दरड चालत ओलांडून, पालीपर्यंत ट्रकने, पुढे कोणाच्या तरी जीपने. डोक्यापासून पायापर्यंत चिखल.

त्यांनी मेज बघितली. कापड नाही, पेला रिकामा.

"मरियाबाई, काय झालं?"

"सगळं झालं," मी म्हटलं. "तुम्ही चहा घ्या. बिनसाखरेचा चालेल ना?" मग काकूंची वाटी आठवली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नाझरसाहेब होते ना. पुढच्या महिन्यात पहिला रविवार आला. पाळकसाहेब वेळेवर, मनुका ताज्या. दीनाबाई पोटभर खाऊन आलेल्या. लीलासिस्टरने दम भरला होता. कापड निघालं आणि नाझरसाहेब उठून बाहेर गेले.

मी मागोमाग. ते पडवीत चपलांच्या रांगेशी बसले होते.

"हे काय नवीन?"

"मी मेजेचा नियम मोडला. पाळकाशिवाय पेल्याला हात लावला. आणि त्याआधी बहीण सलाम करायला आली तेव्हा तोंड फिरवलं. मी सहा महिने मेजेला बसणार नाही."

"पाळकसाहेबांनी सांगितलं?"

"ते म्हणतात, गरज नाही. पण नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"मी करतोय," म्हणाले.

आता काय बोलायचं या माणसाला? आत दीनाबाईंना दिसलं. त्या ताडकन उठल्या. "इतकी वर्षं मी उठून जात होते, तर हा ताठ बसायचा! आता मी बसते, तर हा बाहेर!" तरातरा बाहेर आल्या आणि भावाशेजारी चपलांत बसल्या. "तू नाही तर मीही नाही."

"दीने, आत जा. मंडळी खोळंबलीय."

"तू चल."

"मी नाही येणार."

"मग आपण दोघं चपला राखू."

आत पाळकसाहेब भाकर हातात घेऊन उभे. नाझरसाहेबांच्या जागी पेटीवर बसलेला पोरगा एकच सूर धरून होता, तोही थकला. एकाने म्हटलं, दोघांसाठी प्रार्थना करू. मी दारातच होते. मला हा तिढा तेवढा अवघड वाटला नाही.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "मेज हलकी आहे."

"काय?"

"हलकी आहे. दर शनिवारी झाडताना मी एकटीच सरकवते. फणसाची दिसते, पण आतून पोकळ आहे."

पाळकसाहेब हसले. दाविदला खूण केली. एका बाजूने दाविद, दुसऱ्या बाजूने पाळकसाहेब, अंगातल्या झग्यासकट. मी पेला धरला, कारण तो सांडला असता. मेज पडवीत आली, चपला पायाने बाजूला सारल्या, आणि सगळी मंडळी तिथेच, निम्मी पागोळ्यांखाली भिजत, उभी राहिली.

नाझरसाहेबांनी मेजेकडे बघितलं. उठायला गेले तर पाठीमागे भिंत, पुढे मेज, शेजारी बहीण. जायला वाटच नाही.

"मरियाबाई," म्हणाले, "हे नियमात बसत नाही."

"तुम्ही बसलाय ना? मग झालं."

दीनाबाईंनी हात वर केला आणि म्हटलं, "दादा, सलाम."

या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. "सलाम, दीने," म्हणाले. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. नंतर पेला आला. नाझरसाहेबांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि माझ्याकडे बघून भुवई वर केली.

"दोनच चमचे," मी म्हटलं.

साखर घालायचा नियम तेव्हापासून झाला. पाळक बदलले, कौलं जाऊन पत्रे आले, कोकणात रेल्वे आली. पेटीबरोबर ढोलकीही राहिली.

नाझरसाहेब त्यानंतर नऊ पावसाळे जगले. त्यांच्या कबरीवर संथ गीत म्हटलं ते दीनाबाईंनी, पेटीच्या चालीत, कुठेही खाली न ओढता. दीनाबाई त्यांच्यानंतरही बरीच वर्षं होत्या. साखरेने गेल्या नाहीत, म्हातारपणाने गेल्या. दाविद गेला. बागवाल्या काकू गेल्या. त्या रविवारी मेजेपाशी होतो त्यातल्या आता फक्त लीलासिस्टर आहे आणि मी आहे.